सुसाटकाकांची आरामाची सहल

माझे बाबा पोस्टमन होते. होते म्हणजे निवृत्त झाले, पण त्यांच्या पायांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. आमचं गाव टेकडीच्या उतारावर वसलेलं आहे आणि अर्ध्या गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत. तिथे सायकल चालवायची नसते, खांद्यावर वाहायची असते. म्हणून बाबांनी चौतीस वर्षं पायीच टपाल वाटलं. रोज चारशे बारा घरं. आठ वाजता भरलेली थैली घेऊन निघायचे आणि साडेबाराला रिकामी थैली टेबलावर टाकायचे. त्यांच्या आधी ह्याच भागात वाटप करणाऱ्या माणसाला दोन वाजायचे, हे बाबा अजूनही कुठल्याही विषयावरून सुरुवात करून सांगू शकतात. गावाने त्यांचं नाव सुसाट ठेवलं. केस पांढरे झाल्यावर सुसाटकाका झाले, एवढाच काय तो फरक.

पण त्यांना नुसते पाय होते असं समजू नका. खरं कसब सकाळच्या तासाभरात होतं. टपाल हातात आलं की ते गल्लीवार, दारावार, डावी बाजू-उजवी बाजू असं लावून घ्यायचे, की एकदा निघाल्यावर एकही पाऊल मागे पडायला नको. मागे वळणं त्यांच्या लेखी गुन्हा होता. चुकून एखादं पत्र राहिलंच तर ते दुसऱ्या दिवशी पहिलं जायचं, पण बाबा वळायचे नाहीत. ह्याचा त्यांना फार अभिमान होता आणि मला त्यांचा.

आई अगदी दुसऱ्या टोकाची. ती छापखान्यात बाइंडिंगला होती. छापलेले मोठाले कागद घ्यायचे, घड्या घालायच्या, क्रम लावायचा, शिवायचं. घाई केली की घडी तिरकी बसते, हे तिचं आयुष्यभराचं शिक्षण. ती चहासुद्धा असा गाळते की बघणाऱ्याला तहान लागावी. दोघांचं कसं जमलं असं लोक विचारतात. मी सांगते, दोघं कामावर असायचे, म्हणून जमलं.

तर तीस वर्षांपूर्वी त्या छापखान्यात एक चित्रांचं पुस्तक छापायला आलं होतं. खूप उंचावर, डोंगरांच्या मध्ये असलेल्या एका जुन्या शहराचं. आता बाइंडिंगवाल्यांना पुस्तक क्रमाने दिसत नाही. एका कागदावर तिसरं पान असतं, त्याच्या शेजारी चौदावं, आणि तेही उलटं. आईने आठशे प्रतींच्या घड्या घातल्या आणि ते शहर तिला असं तुकड्यातुकड्यानेच भेटलं. इथे वेशीचा दगड, तिथे एका खिडकीचा कोपरा. एका पानावर मात्र अख्खं चित्र होतं. लांबच लांब दगडी भिंत, भिंतीला लागून दगडाचाच ओटा आणि त्यावर उन्हात बसलेली दहा-बारा माणसं. "ही काय करतायत?" आईने मशीनवर काम करणाऱ्या काकांना विचारलं होतं. "काही नाही, बसलीयेत," ते म्हणाले. आईला ते उत्तर भयंकर आवडलं. काही न करता बसायला माणसं एवढ्या उंच चढून जातात, ह्याचं तिला तीस वर्षं कौतुक होतं.

ह्या वर्षी तिला साठ पूर्ण झाली. काय हवंय म्हणून मी विचारलं, तर तिने आधी नेहमीप्रमाणे काही नको म्हटलं आणि मग, मी चपला घालेपर्यंत, म्हणाली, "मला ते वरचं शहर बघायचंय. तीन दिवस. पण आरामात हं."

बाबा आतून ओरडले, "सोड माझ्यावर!"

आणि इथेच आमचं नशीब ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा जेवणाचं टेबल गायब होतं. म्हणजे होतं, पण कागदाखाली होतं. बाबांनी त्या शहराचा नकाशा मिळवला होता, प्रत्येक ठिकाणाचं एकेक कार्ड केलं होतं आणि पत्रं लावावीत तशी ती गल्लीवार लावत बसले होते. किल्ल्याचं फाटक, जुनी वेधशाळा, पाण्याचा हौद, घड्याळाचा मनोरा, राजवाड्याच्या तीनशे पायऱ्या. एकूण बेचाळीस कार्डं. दिवसाला चौदा. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात वेळ लिहिलेली. किल्ल्याचं फाटक, दोन मिनिटं. हौद, एक मिनिट. सगळ्यावर एक मोठा कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आरामाची सहल'.

"बाबा, हौद बघायला एक मिनिट?"

"मग किती? पाणीच आहे ना त्यात?" ते म्हणाले. "आणि हे बघ, गंमत अशी की तीन दिवसांत एकही रस्ता दोनदा येत नाही. एक पाऊल मागे नाही!"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आवरेना. त्यांनी त्या शहरातला मुक्काम म्हणजे नवीन भागातलं वाटपच धरलं होतं. प्रत्येक ठिकाणी जायचं, जणू काही तरी हातात ठेवायचं, आणि पुढे. कुठे थांबायचं हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पोस्टमन थांबला की पुढच्याचं पत्र उशिरा पोचतं.

मग त्यांनी माझ्यासमोरच तिथल्या अतिथीगृहाच्या बाईंना फोन लावला, स्पीकर चालू करून.

"आम्ही तिघं येतोय. पहिल्या दिवशी सकाळी किती वाजता बाहेर पडता येईल?"

"पहिल्या दिवशी बाहेर पडूच नका," बाई म्हणाल्या. "जागा उंच आहे. हवा विरळ असते. पहिला दिवस पडून राहायचं, पाणी प्यायचं, काही करायचं नाही."

"काही नाही म्हणजे साधारण किती वाजेपर्यंत?"

"काका, रात्रीपर्यंत," बाई म्हणाल्या.

बाबांनी फोन ठेवला, थोडा वेळ कार्डांकडे बघितलं आणि पहिल्या दिवसाची चौदा कार्डं उचलून सात-सात अशी पुढच्या दोन दिवसांत घुसवली. मी कपाळाला हात लावला. आई दारात उभी राहून हे बघत होती. ती काही म्हणाली नाही. ती सहसा म्हणत नाही.

खरी अडचण कार्डांची नव्हतीच. गेली दोन-तीन वर्षं आईला चालताना धाप लागायची. निदान आमच्या घरात तसं ठरून गेलं होतं. बाजारात जाताना ती मागे राहायची, छातीवर हात ठेवून थांबायची. मग ती आमच्याबरोबर बाहेर पडायचंच टाळू लागली. 'आईला झेपत नाही' हे वाक्य आम्ही इतकं सहज म्हणायचो, जसं कुणी म्हणतं आईला कारलं आवडत नाही. आणि आता तिला अशा जागी न्यायचं होतं जिथे धडधाकट माणसालाही जिना चढताना दम लागतो.

म्हणून आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, हृदयाचा आलेख काढला, छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरीणबाई कागदांकडे बघून भुवया चढवत होत्या.

"कागदावर मला काही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण धाप लागते म्हणता आणि जागा एवढी उंच. मी डोळे मिटून हो म्हणणार नाही. पुढच्या गुरुवारी चालण्याची तपासणी करू. सहा मिनिटं चालायचं. त्यात कमी पडलात तर सहल रद्द. चालेल?"

"चालेल," आई म्हणाली.

घरी आल्यावर ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली. मी शेजारी बसले. तिने एक उशीचा अभ्रा चारदा घडी करून चारदा मोडला, आणि आईच्या हातून घडी मोडलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"ह्या वेळी राहिलं तर राहिलंच गं," ती म्हणाली. "दर वर्षी काही मी साठची होणार नाही."

ह्या बाईने आयुष्यात मागितलं किती? मोजायला बसलं तर एका हाताची बोटं उरतील.

बाबांनी मात्र कंबर कसली. "आठवडा आहे हातात. सराव करून घेतो," ते म्हणाले. "गुरुवारी बघाच!"

मग सराव सुरू झाला. आमच्या घरामागून एक चढण वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. सकाळ-संध्याकाळ आम्ही तिघं टाकीपर्यंत जायचो. बाबा पुढे, मी त्यांच्या शेजारी, आई मागून. इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पोहायला शिकवते. मुलांचा श्वास कुठे अडकतो, कोण घाईने हात मारतं म्हणून दमतं, हे मला काठावरून कळतं, त्याचेच मला लोक पैसे देतात. पण चाल मला बाबांची मिळाली आहे, आणि त्या आठवड्यात मी बाबांशी सहलीच्या गप्पा मारत त्यांच्या बरोबरीने चालत होते. मागे वळून बघायचे, तर आई वीस पावलं खाली कठड्याला धरून उभी असायची. आम्ही थांबायचो. ती येऊन पोचायची. ती पोचली की आम्हाला वाटायचं विश्रांती झाली, आणि आम्ही निघायचो.

विश्रांती आमची झालेली असायची. हे मला तेव्हा सुचलं नाही, ह्याची लाज मी आजही बाळगून आहे.

बाबा वहीत टिपून ठेवायचे. सोमवार, चार वेळा थांबली. मंगळवार, पाच वेळा. बुधवारी संध्याकाळी ती अर्ध्यावरच पायरीवर बसली, तोंड लाल झालं होतं, आणि पदराने कपाळ पुसत म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या त्या शहराला. मला फोटो दाखवा."

"छे! उद्या पहिल्या नंबराने पास होशील," बाबा म्हणाले. वरून, दहा पायऱ्यांवरून.

गुरुवारी दवाखान्यात एका लांब बोळात दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. ह्या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, सहा मिनिटं. नर्सताईंनी आईच्या बोटाला चिमटा लावला. त्यावर नाडीचे ठोके आणि रक्तातल्या हवेचा आकडा दिसत होता. आईने साडी नीट केली, आमच्याकडे बघितलं आणि निघाली.

निघाली तशी बाबाही निघाले.

"काका, तुम्ही कुठे?" नर्सताई ओरडल्या.

"तिला रस्ता दाखवतो."

"इथे दोनच खुर्च्या आहेत. परीक्षा त्यांची आहे. तुम्ही बसा."

बाबा बाकावर बसले. त्यांचे पाय बाकाखाली चालतच होते. मी त्यांच्या शेजारी बसून आईकडे बघत राहिले आणि मला काही तरी वेगळं वाटू लागलं. मी तिला असं चालताना बघितलंच नव्हतं. ती सावकाश चालत होती, पण रेंगाळत नव्हती. पाय नीट टेकवत होती, खांदे सैल होते. खुर्चीपाशी घडी दाबावी तशी हलकेच वळत होती. तिसऱ्या फेरीला तिने नर्सताईंना मुलं किती म्हणून विचारलं. पाचव्या फेरीला तिला त्या मुलांची नावंही कळली होती. सहा मिनिटं झाली, तरी ती आणखी एक फेरी मारून आली, कारण गोष्ट अर्धी राहिली होती.

"हवा शहाण्णव," नर्सताई चिमट्याकडे बघत म्हणाल्या. "नाडी शंभरच्या आत. एकदाही थांबल्या नाहीत."

डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. "धाप कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आईलाही आश्चर्य वाटलं होतं. तिने छातीवर हात ठेवून बघितला. "आज नाही लागली," ती म्हणाली.

"रोज चालताना कुणाबरोबर चालता?"

"बरोबर नाही," आई म्हणाली. "मागून."

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्या म्हणाल्या, "काकू, दहा मिनिटं बसा, पाणी प्या. मग पुन्हा एकदा चालू. ह्या वेळी काकाही चालतील. काका, अगदी रोजच्यासारखं चालायचं, मुद्दाम काही करायचं नाही."

बाबा आनंदाने उठले. दहा मिनिटांनी दोघं निघाले. बाबा दुसऱ्या खुर्चीला पोचले तेव्हा आई बोळाच्या मध्यावर होती. बाबा वळून तिच्या समोरून आले, हसले, पुढे गेले. आईने पावलं उचलली. पुढच्या फेरीला तिने आणखी उचलली. खांदे वर चढले, पदर सुटला, नर्सताईंशी बोलणं तर सोडाच, ती कुणाकडे बघतही नव्हती, फक्त बाबांच्या पाठीकडे बघत होती. तिसऱ्या मिनिटाला तिने भिंतीला हात लावला आणि थांबली. तोंड लाल. एक हात छातीवर.

"नाडी एकशे छत्तीस," नर्सताई म्हणाल्या.

बाबा खुर्चीपाशी उभे होते. एवढ्या लांबून आकडा दिसत नव्हता, पण ऐकू आला.

"काकूंचं हृदय उत्तम आहे, फुफ्फुसं उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, पण प्रत्येक शब्द सुटा ठेवला. "ह्यांना आजार नाही. ह्यांना तुम्ही आहात. त्या शहरात जा, खुशाल जा. पहिला दिवस पडून राहायचं, आणि त्यानंतर चालायचं ते ह्यांच्या चालीने. तुमच्या वयाला तिथे वर तेच बरं, काका. मुलीनेही ऐकलं ना?"

मुलीने ऐकलं होतं. मुलीला जमिनीने गिळलं असतं तर बरं वाटलं असतं.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्यासमोर चार पायऱ्या आहेत. आईचा चेहरा असा फुलला होता की तिने साठ काय, सहाही पूर्ण केली नसावीत. तिला हवं होतं ते मिळालं होतं. बाकीच्याचं तिला काही नव्हतं. मला मात्र होतं. मी तिच्यावरच चिडले, कारण स्वतःवर चिडायला धीर लागतो.

"आई, दोन-तीन वर्षं आम्ही तुला आजारी समजतोय. हळू चला म्हणून एकदा तरी सांगायचंस की नाही?"

"सांगितलं होतं की," आई म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आपण ह्यांच्या आत्याकडे निघालो होतो. कोपऱ्यावर मी म्हटलं, अहो, जरा हळू. पण हे पुढे होते. ऐकू नाही गेलं."

मी 'आपण' कशी असेन त्यात, पण ते दुरुस्त करायची ही वेळ नव्हती. तेव्हा ती पायाने भक्कम होती, मागून पळायची आणि गाठायची. अडतीस वर्षं गाठत राहिली. आता पाय थकले, आणि आम्ही त्याला धाप नाव दिलं.

बाबा सगळ्यात खालच्या पायरीवर उभे होते. आम्हाला वाटलं ते नेहमीसारखे फाटकाकडे जातील. ते गेले नाहीत.

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"पुन्हा सांगायला आधी तुम्हाला गाठायला नको का?" आई म्हणाली. रागाने नाही. हिशोब समजावून सांगावा तसं. "आणि गाठेपर्यंत बोलायला श्वास कुठे उरायचा?"

माझ्या बाबांनी चौतीस वर्षांत एकही पाऊल मागे टाकलं नव्हतं. ते वळले आणि पायऱ्या परत चढले, आणि आईच्या पायरीवर, तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आता आहे मी इथेच," ते म्हणाले. "आता सांग."

आईने इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर माणसं होती, तिला थोडं लाजल्यासारखं झालं. मग तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि अगदी साध्या आवाजात, कारण मोठ्याने बोलायची गरजच उरली नव्हती, म्हणाली, "अहो, जरा हळू."